बागेतले घर पाहताना : दृक्‌प्रत्ययवादी तैलचित्राकडे नवख्याने कसे पाहावे

बागेत बसलेले कुटुंब, गवतावर पसरलेला पांढरा झगा, बाजूला फुलांचे ताटवे, असे एखादे दृक्‌प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट, म्हणजे उघड्यावरचा बदलता प्रकाश रंगांत टिपणाऱ्या शैलीतले) तैलचित्र समोर आले की नवखा प्रेक्षक ‘छान आहे’ असे म्हणून पुढच्या चित्राकडे वळतो. अशा चित्रात न कळण्यासारखे काही दिसत नाही, पुराणकथा नाही, इतिहासातला प्रसंग नाही, त्यामुळे थांबण्याचे कारणही सापडत नाही. प्रत्यक्षात याच साध्या दिसणाऱ्या चित्रांत चित्रकाराने घेतलेले निर्णय सर्वाधिक उघडपणे दिसतात आणि थोडी शिस्त पाळली तर कोणत्याही पूर्वतयारीशिवाय ते वाचता येतात. ही शिस्त कशी लावावी हे एका चित्राच्या आधाराने येथे क्रमाने सांगतो.

चित्र निवडले आहे ते एद्वार माने याने १८७४ च्या उन्हाळ्यात रंगवलेले, मोने कुटुंबाचे पॅरिसजवळच्या आर्जांतय येथील बागेतले चित्र. ते न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. माने आणि मोने या दोन आडनावांची गल्लत फार होते, म्हणून सुरुवातीलाच सांगून ठेवावे की येथे रंगवणारा माने आहे आणि ज्याचे घर, बाग, पत्नी व मुलगा चित्रात आहेत तो क्लोद मोने. या निवडीला एक विशेष कारण आहे. त्याच उन्हाळ्यात, त्याच बागेत, त्याच घरातल्या माणसांना समोर बसवून प्येर ओग्यूस्त रन्वार यानेही एक चित्र काढले आणि ते आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. एकाच प्रसंगाची दोन मोठ्या चित्रकारांनी केलेली दोन चित्रे शेजारी ठेवून पाहण्याची संधी कलेच्या इतिहासात क्वचितच मिळते आणि शिकणाऱ्याला याहून चांगले साधन नाही.

आधीची तयारी

दोन्ही संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर या चित्रांच्या मोठ्या आकाराच्या प्रतिमा विनामूल्य उतरवून घेता येतात. त्याच वापराव्यात. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या प्रतिमांचे रंग बहुधा भडक केलेले असतात, कधी कडाही कापलेल्या असतात आणि अशा प्रतिमेवरून रचनेबद्दल काढलेला निष्कर्ष हमखास चुकतो. शक्यतो मोबाइलऐवजी संगणकाचा मोठा पडदा वापरावा आणि पडद्याचा रात्रीचा पिवळसर प्रकाश बंद ठेवावा, कारण आपल्याला मुख्यतः निळ्या, हिरव्या आणि पांढऱ्या छटांमधले बारीक फरक पाहायचे आहेत.

यानंतर एक काम आवर्जून करावे. मोजपट्टी घेऊन भिंतीवर खडूने किंवा चिकटपट्टीने चित्राचा खरा आकार आखावा. मानेचे चित्र ६१ सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ १०० सेंटिमीटर रुंद आहे, तर रन्वारचे सुमारे ५० बाय ६८ सेंटिमीटर. पडद्यावर दोन्ही सारख्याच आकाराची वाटतात. भिंतीवर मात्र लगेच लक्षात येते की मानेचे चित्र आडवे, ऐसपैस आहे आणि रन्वारचे त्यामानाने आटोपशीर. चित्रकाराने हाताची केवढी हालचाल केली असेल, प्रेक्षकाने किती अंतरावर उभे राहावे अशी त्याची कल्पना असेल, हे आकार कळल्याशिवाय उमगत नाही.

चित्राविषयीची माहिती मात्र या टप्प्यावर वाचू नये. नाव, साल आणि आकार एवढे पुरे.

पहिली नजर : माणसे विसरून रंग पाहणे

चित्र पडद्यावर पूर्ण दिसेल असे ठेवून दोन-तीन पावले मागे यावे आणि डोळे किलकिले करावेत. बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि उरतात ते रंगाचे मोठे पट्टे. मानेच्या चित्रात सर्वदूर हिरवा पसरलेला आहे, त्यात एक मोठा पांढरा आकार आहे, डावीकडे एक निळसर आकार आहे आणि काही ठिकाणी लाल रंगाचे लहान तुकडे आहेत. एवढेच कागदावर पेन्सिलीने मांडावे. चित्रकला येत नसली तरी चालेल, कारण येथे हवी आहे ती केवळ जागांची नोंद. हा पाच-सहा आकारांचा कच्चा आराखडा हाच चित्राचा सांगाडा असतो आणि चेहऱ्यांकडे आधी लक्ष गेले की तो दिसेनासा होतो.

आता त्या पांढऱ्या आकाराजवळ थांबावे. ही कामीय, मोनेची पत्नी, झाडाखाली गवतावर बसलेली. तिचा पोशाख आपण पांढरा म्हणतो. प्रतिमा मोठी करून त्या पोशाखाचा एकेक भाग पाहिला तर निव्वळ पांढरा रंग फार थोड्या जागी सापडतो. बाकी सारा विस्तार निळसर, करड्या, कोठे किंचित पिवळट छटांचा आहे. एका कोऱ्या कागदाला लहान भोक पाडून तो पडद्यावर धरावा आणि भोकातून पोशाखाचा फक्त तेवढाच तुकडा पाहावा. शेजारचे रंग झाकले गेल्यामुळे त्या तुकड्याचा खरा रंग दिसतो आणि तो पुष्कळदा आपल्या अपेक्षेपेक्षा बराच गडद निघतो. कागद काढला की तोच तुकडा पुन्हा पांढरा भासतो. रंग शेजारच्या रंगामुळे बदललेला दिसतो ही गोष्ट फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शव्हरल याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सविस्तर मांडली होती आणि पुढच्या पिढीतील चित्रकारांमध्ये तिची चर्चा होती. पण ती पटण्यासाठी ग्रंथाची गरज नाही, कागदाचे भोक पुरते.

याच रीतीने सावल्या तपासाव्यात. आपल्याकडे घराघरांत पोहोचलेल्या राजा रविवर्म्याच्या चित्रांवर ज्यांची नजर तयार झाली आहे त्यांना सावली म्हणजे मूळ रंगाची काळपट, तपकिरी छटा अशी सवय असते, कारण त्या शैलीतील प्रकाश चित्रशाळेच्या खोलीतला, एका बाजूने येणारा असतो. उघड्या आकाशाखाली मात्र सावलीच्या जागीही आकाशाचा प्रकाश पोहोचत असतो, म्हणून ती निळसर होते, आणि गवताजवळ असली तर तिच्यात हिरवाही उतरतो. कामीयच्या पोशाखावरील थंड छटा त्या उघड्यावरच्या प्रकाशाच्या आहेत. बागेतले दृक्‌प्रत्ययवादी चित्र पाहताना ‘सावली कोणत्या रंगाची आहे?’ हा प्रश्न दर वेळी पहिला विचारावा, असे माझे ठाम मत आहे. तो विचारला की निम्मे चित्र उलगडते.

कुंचल्याच्या जवळ

दुसऱ्या टप्प्यात प्रतिमा शक्य तितकी मोठी करावी आणि गवत, पोशाख, फुले आणि चेहरा अशा चार जागांवर क्रमाने जावे. प्रत्येक ठिकाणी फटकारा किती लांब आहे, कोणत्या दिशेने ओढला आहे आणि रंग जाड आहे की पातळ, एवढेच पाहायचे.

पोशाखावरचे फटकारे लांब, वाहते आहेत आणि ते कापडाच्या घडीबरोबर वळतात, त्यामुळे फटकाऱ्याची दिशाच घडीचा आकार सांगते. फुले म्हणजे रंगाचे ठिपके आणि टेकवलेल्या लहान रेघा. एका फुलाची पाकळी शोधायला गेले तर ती सापडत नाही, पण मागे सरकले की ताटवा फुललेला दिसतो. काही ठिकाणी एक रंग दुसऱ्यात कडेला मिसळलेला आढळतो. खालचा थर ओला असतानाच वर दुसरा रंग दिला की असे होते. तैलरंग वाळायला कित्येक दिवस घेतात. चित्रशाळेतली जुनी रीत एकेक थर वाळू देऊन त्यावर पुढचा चढवण्याची होती, तर उघड्यावर बसलेल्या चित्रकाराला ऊन सरकण्याआधी काम आटोपायचे असल्यामुळे ओल्यावर ओला रंग देणे भाग पडे. म्हणून या मिसळलेल्या कडांकडे निष्काळजीपणा म्हणून पाहू नये. चित्रकार किती वेगाने काम करत होता याची ती नोंद आहे.

चेहऱ्यांपाशी नवखे हमखास अडखळतात. मुलाचा, म्हणजे झाँचा चेहरा थोडक्या फटकाऱ्यांत आटोपलेला आहे. डोळे, नाक, ओठ रेखीव नाहीत. ‘हे अपुरे का सोडले?’ असा प्रश्न १८७४ मध्ये पॅरिसच्या समीक्षकांनीही मोने, रन्वार आणि त्यांच्या सोबत्यांच्या चित्रांविषयी विचारला होता. उत्तर अंतरात आहे. बागेत आठ-दहा पावलांवर बसलेल्या मुलाकडे आपण एका दृष्टिक्षेपात पाहतो तेव्हा आपल्याला त्याच्या पापण्या दिसत नाहीत, दिसते ती बसण्याची ढब, टोपी, अंगावरचा प्रकाश. माने एवढेच रंगवतो आणि त्यामुळेच मूल खरेखुरे आईला रेलून लोळलेले वाटते.

घर कोठे आहे ते शोधणे

आता माणसांकडे वळावे आणि कोण काय करते आहे ते क्रियापदांत लिहून काढावे. कामीय बसली आहे, हाताला डोके टेकले आहे, लालसर पंखा आहे पण ती वारा घेत नाही. झाँ रेलला आहे. डावीकडे निळ्या कपड्यांतला पुरुष, म्हणजे स्वतः क्लोद मोने, फुलझाडांवर वाकून काम करतो आहे आणि जवळ झारी आहे. गवतावर एक कोंबडा, एक कोंबडी आणि एक पिल्लू आहे.

ही यादी झाली की एक गोष्ट आपोआप पुढे येते. चित्रातला एकमेव काम करणारा माणूस हा घरधनी आहे, तोच चित्रकार आहे, आणि माने त्याला चित्र काढताना न दाखवता बागकाम करताना दाखवतो. शिवाय त्याला लहान, कडेला, वाकलेला ठेवून मध्यवर्ती जागा कामीयच्या पांढऱ्या झग्याला देतो. कोंबडा-कोंबडी-पिल्लू ही तिघे बाप-आई-मूल या तिघांची सरळ जोड आहे. ही गंमत अनेक अभ्यासकांनी टिपली आहे आणि एकदा कळली की ती विसरता येत नाही, पण माझ्या मते ती जोड चित्राचे मर्म नव्हे. त्याहून मोलाचे आहे ते तिघांमधले अंतर. आई आणि मूल एकमेकांना टेकलेले, जवळजवळ एकच आकार झालेले. बाप त्याच गवतावर, त्याच बागेत, पण आपल्या कामात आणि त्यांच्यापासून मोकळ्या जागेने वेगळा. कोणी कोणाशी बोलत नाही, कोणी कोणाकडे पाहत नाही, आणि तरीही दुरावा जाणवत नाही. घरातली माणसे सुटीच्या दुपारी एकमेकांच्या नुसत्या सोबत असतात ती अवस्था येथे रंगवली आहे. यासाठी मानेला कोणताही प्रसंग उभा करावा लागलेला नाही, केवळ आकारांमधली जागा मोजून ठेवावी लागली आहे. नवख्याने येथे बोट ठेवून कामीयपासून मोनेपर्यंतचे अंतर आणि कामीयपासून झाँपर्यंतचे अंतर प्रत्यक्ष मोजून पाहावे.

मग लाल रंगाचा माग काढावा. ताटव्यातली फुले, कोंबड्याचा तुरा, पंखा असे लाल तुकडे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे नजरेला घेऊन जातात. हिरव्याच्या शेजारी लाल अधिक उठून दिसतो, त्यामुळे एवढेसे तुकडेही पुरतात. बागकाम करणारा बाप आणि बसलेली आई यांना जोडणारा दुवा असा रंगातून तयार झाला आहे.

रन्वारचे चित्र शेजारी ठेवून

पडद्याचे दोन भाग करून दुसऱ्या बाजूला रन्वारचे चित्र उघडावे. कामीय तीच, पांढरा पोशाख तोच, झाँ तसाच रेललेला, कोंबडाही हजर आहे. नाही तो मोने. रन्वारने बाप काढून टाकला, ताटव्यांचा पसारा कमी केला आणि तो आई-मुलाच्या इतका जवळ गेला की त्या दोघांनी चित्राचा बहुतेक भाग व्यापला. मागची जमीन हिरव्या पडद्यासारखी वर उचलली गेली आहे. आकाश नाही, क्षितिज नाही, पलीकडे काही असल्याची खूण नाही.

तुलना करताना ‘कोणते अधिक चांगले’ या प्रश्नात वेळ घालवू नये. त्याऐवजी मानेच्या चित्राच्या पडद्यावरच्या प्रतिमेवर चार कागदी पट्ट्या ठेवून रन्वारच्या चित्राएवढीच चौकट करून पाहावी, म्हणजे बाप, झारी आणि पिल्लू झाकले जातील. उरलेले चित्र एकदम आई-मुलाचे व्यक्तिचित्र होते. पट्ट्या काढल्या की ते पुन्हा घर होते. चौकट कोठे मारायची या एका निर्णयावर चित्राचा विषय बदलतो, हे सांगून जेवढे कळत नाही तेवढे या पट्ट्यांनी कळते.

त्यानंतर दोन्ही पोशाख जवळून पाहावेत. माने पांढऱ्याचे मोठे, सपाट भाग ठेवतो आणि कडा बऱ्याच ठिकाणी स्पष्ट सोडतो. रन्वारचे फटकारे मऊ, पिसासारखे आहेत आणि पोशाखाची कड गवतात विरघळत जाते. तेव्हा माने ४२ वर्षांचा होता आणि रन्वार ३३ वर्षांचा. एकाने मागच्या पिढीच्या घट्ट आकारांवर हात घडवला होता, दुसरा नुकताच नव्या रीतीत मुरत होता, आणि ते दोन पोशाखांच्या कडांत दिसते.

मोनेने उतारवयात या दिवसाची एक आठवण सांगितली. माने बागेत चित्र काढत असताना रन्वार आला, त्याने मोनेकडेच रंग, कुंचला आणि कॅनव्हास मागितला व तोही बसला. मानेने अधूनमधून तिकडे नजर टाकली आणि शेवटी मोनेच्या कानात सांगितले की या पोराला चित्रकला जमणार नाही, मित्र म्हणून तू त्याला सोडायला सांग. पन्नास वर्षांनंतर सांगितलेली ही आठवण आहे, तिच्यावर फार भार टाकू नये, आणि दोन्ही चित्रे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून झाल्यावरच ती वाचावी, नाही तर तुलना तिच्याच रंगात रंगते. त्याच सुमारास मोनेनेही याच बागेत चित्राच्या घोडीपुढे बसलेल्या मानेचे चित्र काढले होते. ते पुढे जर्मन चित्रकार माक्स लीबरमान याच्या संग्रहात होते आणि आता कोठे आहे याचा पत्ता नाही.

काळ आणि जागा

आता वाचनाची वेळ. आर्जांतय हे पॅरिसच्या वायव्येला सेन नदीकाठचे गाव १८५१ पासून रेल्वेने शहराशी जोडलेले होते आणि मोने तेथे १८७१ च्या अखेरीपासून १८७८ पर्यंत राहिला. नदीपलीकडे झेनव्हिलिए येथे मानेच्या घराण्याचे घर होते, म्हणून त्या उन्हाळ्यात त्याचे येणे-जाणे घडले. काही महिने आधी, १८७४ च्या एप्रिलमध्ये, मोने, रन्वार आणि त्यांच्या सोबत्यांनी पॅरिसमध्ये आपले स्वतंत्र प्रदर्शन भरवले होते. मानेने त्यात भाग घेतला नव्हता, कारण सलॉन या सरकारी प्रदर्शनातच मान्यता मिळवायची असा त्याचा आग्रह होता. उघड्यावर तैलरंग वापरणे सोपे झाले ते धातूच्या दाबून रंग काढता येणाऱ्या नळ्यांमुळे; त्यांचे पेटंट जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने १८४१ मध्ये घेतले होते. झाँ तेव्हा सात वर्षांचा होता. कामीय १८७९ मध्ये वारली. ही शेवटची माहिती कळल्यावर चित्राकडे पुन्हा पाहताना ते करुण वाटू लागते, आणि तेथे स्वतःला आवरावे लागते, कारण मानेला ती माहीत नव्हती आणि चित्रात ती नाही.

पुढे कोणती चित्रे घ्यावीत

एवढे झाल्यावर हीच पद्धत दुसऱ्या चित्रावर एकट्याने वापरावी. त्यासाठी पॅरिसच्या ओर्से संग्रहालयातले मोनेचे ‘दुपारचे जेवण’ हे १८७३ च्या सुमाराचे चित्र सुचवतो. तेही आर्जांतयच्याच बागेतले आहे, पण १६० बाय २०१ सेंटिमीटर इतके मोठे. तेथे जेवण संपलेले आहे. टेबलावर पांढरे कापड, उरलेली भांडी, फळे, बाकावर छत्री, झाडाच्या फांदीला अडकवलेली रिबिनीची टोपी, आणि सावलीत एकटाच खेळणारा झाँ. बायका मागे दूर फिरताहेत. मानेच्या चित्रात कुटुंब माणसांच्या अंतरातून कळते, येथे ते वस्तूंतून कळते, म्हणून क्रियापदांच्या यादीऐवजी वस्तूंची यादी करावी आणि प्रत्येक वस्तू कोणी, केव्हा ठेवली असेल ते लिहावे.

त्यानंतर बेर्त मोरिझो हिने १८८१ मध्ये बूजिव्हाल येथे काढलेले, तिचा पती एजेन माने आणि मुलगी झ्युली यांचे बागेतले चित्र घ्यावे. एजेन हा एद्वार मानेचा भाऊ. हे चित्र पॅरिसच्या मार्मोताँ संग्रहालयात आहे. येथे बागेत मुलाजवळ बसलेला आहे तो बाप आणि रंगवणारी आहे ती आई. फटकारे मानेहून कितीतरी मोकळे आहेत, कडा जवळजवळ नाहीतच. मानेच्या चित्रासाठी काढलेला आराखडा आणि क्रियापदांची यादी जवळ ठेवून हे चित्र पाहिले तर जागांची अदलाबदल लगेच नजरेत भरते.

न्यूयॉर्क, न्यू जर्सी, वॉशिंग्टन परिसरात राहणाऱ्या मराठी वाचकांना पहिली दोन चित्रे प्रत्यक्ष पाहता येतील. निघण्यापूर्वी ते चित्र सध्या दालनात टांगलेले आहे की उसने किंवा दुरुस्तीसाठी गेले आहे, हे संग्रहालयाच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावे. दालनात गेल्यावर आधी चित्राच्या रुंदीच्या तीन-चार पट अंतरावर उभे राहावे, मग परवानगी असेल तेवढे जवळ जावे आणि थोडे बाजूला सरकून तिरक्या नजरेने पृष्ठभाग पाहावा. रंगाचे जाड थर असे तिरके पाहिल्यावरच उठून दिसतात, आणि छापील प्रतिमेत किंवा पडद्यावर ते कधीच मिळत नाहीत.